खत वाहून जाते कुठे? बीव्हरचे बांध आणि नदीची मळई
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



मागील लागण हंगामात एका गावी खतांच्या वापरावर बैठक घेतली होती. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद व १७० किलो पालाश ही शिफारस, ती मात्रा हप्त्याहप्त्याने द्यावी, खत उघड्यावर न फेकता मातीआड करावे, असे नेहमीचे सांगून झाले. पुढच्या रांगेत एक वयस्कर सभासद बसले होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांनी हात वर केला. "साहेब, तुम्हीच म्हणता निम्मं बी नत्र उसाला लागत न्हाई. मग उरल्यालं जातंय कुठं?"

मी पुस्तकातले उत्तर दिले. थोडे हवेत उडते, थोडे मातीत राहते, थोडे पाण्याबरोबर खाली जाते.

आबा म्हणाले, "खाली म्हंजे कुठं?"

बैठक हसली, मीही हसलो. पण मोटारसायकलवरून परत येताना ध्यानात आले की माझे शिक्षण शेताच्या बांधापाशी येऊन थांबलेले आहे. पदविकेला आम्हाला माती शिकवली, पीक शिकवले, कीड-रोग, अवजारे शिकवली. बांधाच्या पलीकडे ओढ्यात पडलेल्या नत्राचे पुढे काय होते, हे परीक्षेत कोणी विचारले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही. आबांचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून गेले वर्षभर जमेल तसे वाचन केले. त्यात जे हाती लागले ते आज मांडतो. त्यात एक परदेशी जनावरही येणार आहे. साखर कारखान्याच्या अंकात जनावराचे काय काम, असे कोणी म्हणेल, तर थोडा धीर धरावा.

आधी एवढे लक्षात घ्या की नत्र आणि स्फुरद शेतातून निघतात ते एका वाटेने नव्हे. युरियाचे मातीत नायट्रेट होते आणि नायट्रेट पाण्यात साखरेसारखे विरघळते. मातीचा कण त्याला धरून ठेवत नाही. पाणी जास्त झाले की ते मुळाखाली झिरपते, चरातून वा विहिरीतून बाहेर पडते आणि ओढ्याला मिळते. पाणी दिसायला नितळ असते, म्हणून आपल्याला वाटते स्वच्छ आहे. स्फुरदाचा स्वभाव उलट. तो मातीच्या बारीक कणाला चिकटून बसतो आणि माती वाहिली की मातीवर स्वार होऊन जातो. वळवाच्या पावसात ओढा चहासारखा लाल-तांबडा वाहतो ना, त्यात आपल्या सुपर फॉस्फेटची आणि डीएपीची पोती चाललेली असतात. तेव्हा नायट्रेटला अडवायचे असेल तर पाण्याला थांबवले पाहिजे, आणि स्फुरदाला अडवायचे असेल तर गाळाला बसवले पाहिजे. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात ही दोन्ही कामे एक जनावर फुकट करीत आलेले आहे.

बीव्हर नावाचा कारागीर

त्याचे नाव बीव्हर. आपल्याकडे हा प्राणी नाही, कधी नव्हताही. नदीकाठच्या जुन्या माणसांना पाणमांजर माहीत आहे, पण ते वेगळे. पाणमांजर मासे खाते. बीव्हर मासा तोंडालाही लावत नाही. तो उंदीर-घुशीच्या कुळातला, पण वजनाने पंधरा ते तीस किलो भरणारा. शेपूट चपटी, थापीसारखी. पुढचे दात नारिंगी, कारण त्यांत लोह असते. त्या दातांनी तो झाडे कुरतडून पाडतो, साल आणि पाला खातो आणि उरलेल्या फांद्या, चिखल, दगड रचून ओढ्यात आडवा बांध घालतो. बांधामागे पाणी तुंबले की त्यात लाकडांचे घर करतो, ज्याचे दार पाण्याखाली असते. लांडगा-अस्वल आत येऊ शकत नाही, एवढाच त्याचा हेतू. नदी स्वच्छ करावी, शेतकऱ्याचे नत्र अडवावे, असा काही परोपकारी विचार त्याच्या मनात नसतो.

त्याच्या कातड्याच्या टोप्यांची युरोपात दोन-तीनशे वर्षे मोठी चैन होती. सन १६७० मध्ये स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी याच कातड्यांच्या व्यापारावर मोठी झाली. गोरे लोक येण्याआधी उत्तर अमेरिकेत सहा कोटींपासून चाळीस कोटींपर्यंत बीव्हर असावेत असा अंदाज केला जातो. अंदाजच आहे, आणि तोही फार पसरट. पण सन १९०० च्या सुमारास तेथे लाखभरच उरले होते, आणि युरोपात तर सगळे मिळून बाराशेच्या आसपास. म्हणजे ओढ्याओढ्यावरचे लाखो बांध दोनशे-तीनशे वर्षांत फुटून गेले. पुढे शिकारबंदी झाली, काही ठिकाणी जनावरे मुद्दाम आणून सोडली आणि आज युरोपात त्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली आहे.

मिनेसोटा राज्यात काबेटोगामा नावाचे द्वीपकल्प आहे. तेथील विमानातून काढलेली जुनी छायाचित्रे शास्त्रज्ञांनी एकापुढे एक मांडून पाहिली. सन १९४० मध्ये बीव्हरच्या पाण्याखाली तेथील शेकडा एक टक्का जमीन होती. १९८६ मध्ये ती तेरा टक्के झाली. माणसाने एक पाटी माती टाकली नव्हती.

मोजलेले आकडे

आता आपल्या कामाचा हिशोब. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात एका लहान ओढ्यावर, सुमारे साडेचार एकराच्या कुंपण घातलेल्या जागेत, सन २०११ मध्ये बीव्हरची एक जोडी सोडली. ओढ्याच्या वरच्या अंगाला शेती आहे, भरपूर खत घातलेली गवताची राने. पाच-एक वर्षांत त्या जनावरांनी एकाखाली एक अशी तेरा तळी केली. एक्सेटर विद्यापीठाच्या मंडळींनी प्रत्येक तळ्यात उतरून गाळाची खोली मोजली, नमुने तपासले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. तेरा तळ्यांत मिळून गाळ होता १०१ टन. त्यात सेंद्रिय कर्ब जवळजवळ १६ टन आणि नत्र ९१० किलो. या गाळातला सत्तर टक्क्यांहून अधिक भाग वरच्या शेतांतून आलेला होता.

शंभर टन माती म्हणजे ट्रॉलीला चार टन धरले तर पंचवीस ट्रॉल्या. ९१० किलो नत्र म्हणजे ४५ किलोच्या पोत्याने युरियाची ४४ पोती. गाळातले नत्र सेंद्रिय रूपात बांधलेले असते, ते युरियासारखे लगेच पिकाला लागू पडत नाही हे मला ठाऊक आहे. पण ४४ पोत्यांचा ढीग डोळ्यांपुढे आणून बघा. साडेचार एकर जागेत, एका लहानशा ओढ्यावर, हे दोन जनावरांनी आणि त्यांच्या पोराबाळांनी अडवले. नाही तर ते सारे समुद्राच्या वाटेला लागले होते.

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील मोजणी तर आणखी पक्की आहे, कारण तेथे बीव्हर येण्याआधीपासून ओढ्याचे पाणी मोजणे चालू होते. सहा वर्षे आधीची, सहा वर्षे नंतरची. मध्ये तीन एकरांचे एक तळे तयार झाले. तळे झाल्यावर खाली जाणारे पाणी वर्षाला ८ टक्क्यांनी घटले, नत्र १८ टक्क्यांनी, स्फुरद २१ टक्क्यांनी आणि गाळ २७ टक्क्यांनी. पाण्यापेक्षा नत्र-स्फुरद दुपटीहून जास्त घटले, म्हणजे नुसते पाणी कमी झाले म्हणून हे झाले नाही. तळ्याने ते पकडले.

ऱ्होड आयलंड राज्यात २०१५ साली दुसरा अभ्यास छापून आला. तेथे तळ्याच्या तळची माती काढून प्रयोगशाळेत ठेवली आणि तीत नायट्रेट किती नाहीसे होते ते पाहिले. हिशोब असा निघाला की ग्रामीण पाणलोटातून येणाऱ्या नत्रापैकी ५ ते ४५ टक्के नत्र अशी तळी काढून टाकू शकतात. पाच कुठे आणि पंचेचाळीस कुठे, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हटले. पण आपल्याकडेही एकाच शिवारात एकरी तीस टन काढणारा आहे आणि ऐंशी टन काढणारा आहे. पाणी किती वेळ थांबते, तळ्यात पालापाचोळा किती, हवामान थंड की उष्ण, पाणलोटाच्या मानाने तळे केवढे, यावर सारे अवलंबून.

चिखलात घडते काय

"नाहीसे होते" म्हणजे काय होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. त्याचा आपल्या उसाशी थेट संबंध आहे.

तळ्याच्या तळाशी कुजका पाला आणि चिखल असतो. तेथे हवा पोचत नाही. तेथील जिवाणूंना श्वास घ्यायला प्राणवायू मिळाला नाही की ते नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि उरलेले नत्र वायू होऊन बुडबुड्यांतून हवेत जाते. आपल्या भोवतालच्या हवेत ७८ टक्के नत्रच आहे, त्यात ते मिसळते. काही थोडा भाग नायट्रस ऑक्साइड म्हणून जातो, तो मात्र हवामान तापवणारा वायू आहे. या क्रियेला तीन गोष्टी लागतात: नायट्रेट, खायला कुजका पाला आणि हवेचा अभाव. चौथी गोष्ट वेळ. सरळ नाल्यातून पाणी धावत गेले तर जिवाणूंना हात लावायला सवडच मिळत नाही.

आता उसाकडे या. पुराचे वा पावसाचे पाणी सरीत आठ दिवस तुंबले की ऊस पिवळा पडतो. आपण म्हणतो मुळ्या गुदमरल्या. ते खरेच आहे, पण त्याच वेळी तेच जिवाणू तुमच्या सरीतले नायट्रेट हवेत उडवीत असतात. म्हणजे शेतात जो चोर, तोच ओढ्यात राखणदार. जागा तेवढी बदलली. म्हणून मी शेतात निचरा करा असे ओरडतो आणि आज ओढ्यात पाणी थांबू द्या असे लिहितो. यात विसंगती नाही.

बांधामुळे आणखी एक गोष्ट घडते, ती वरून दिसत नाही. पाणी चढले की ते दोन्ही काठांच्या मातीत बाजूने शिरते आणि मातीतून फिरून खाली पुन्हा ओढ्याला मिळते. या फेरफटक्यातही नायट्रेट गळून पडते. कोलोरॅडो राज्यात ईस्ट नदीवर शास्त्रज्ञांनी काठात नळ्या पुरून दुष्काळ आणि बर्फ वितळण्याचे मोठे पाणी यांच्या परिणामांची मोजणी मांडली होती. २०१८ च्या दुष्काळात तेथे बीव्हर आपणहून आला आणि मधोमध बांध घालून बसला. आपल्याकडे प्रयोगाच्या प्लॉटमध्ये म्हैस शिरली तर आपण काठी घेऊन धावतो. त्या मंडळींनी शहाणपणा केला आणि मोजणी चालू ठेवली. २०२२ मध्ये छापलेल्या त्यांच्या हिशोबानुसार ऋतूंच्या टोकाच्या चढउतारांनी जेवढे नायट्रेट निघते, त्यापेक्षा बांधामुळे ४४ टक्के जास्त निघाले.

स्फुरदाचे गणित साधे, पण दगाबाजीचे आहे. गाळ बसला की स्फुरद बसला. परंतु गाळातला प्राणवायू संपला की लोहाशी बांधलेला स्फुरद सुटतो आणि पाण्यात येतो. म्हणून काही जुन्या तळ्यांतून काही दिवस आत येतो त्यापेक्षा जास्त स्फुरद बाहेर पडलेला आढळला आहे. बांध फुटला तर साठलेला गाळ एका रात्रीत खाली जातो. तळ्यांतून मिथेन वायूही निघतो. हे सांगितलेच पाहिजे, कारण एकच बाजू सांगून औषध विकणारे पुष्कळ फिरतात. बीव्हरचे तळे हे कोठार आहे, तिजोरी नाही. मात्र एक बांध फुटला तरी खाली दुसरा असतो, आणि रिकाम्या झालेल्या तळ्याच्या जागी गवताचे सुपीक कुरण तयार होते.

मळई कशाने होते

आता जनावर बाजूला ठेवू आणि नदीकडे येऊ. मळईची जमीन म्हणजे काय हे कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या शेतकऱ्याला मी सांगणे म्हणजे आजीला चूल शिकवणे. "मळईला काय खत लागतं व्हय?" असे आबाच एकदा म्हणाले होते. नदी पात्राबाहेर आली की पसरते, पसरली की तिचा वेग मोडतो, वेग मोडला की गाळ खाली बसतो. त्या गाळात वरच्या शंभर गावांची माती, शेणखत, स्फुरद असते. पूर ओसरताना पाणी सावकाश मातीतून गाळून परत जाते आणि त्यात नायट्रेटही कमी होते. बीव्हर ओढ्यावर जे लहान प्रमाणात करतो, तेच पूरमैदान नदीवर मोठ्या प्रमाणात करते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी सोसले, ज्यांचा उभा ऊस दहा-पंधरा दिवस पाण्याखाली राहून सडला, त्यांच्यापुढे पुराचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. तेथे घरे गेली, जनावरे गेली. मी बोलतो आहे ते नदीला तिची हक्काची जागा असली म्हणजे काय होते आणि नसली म्हणजे काय होते, याबद्दल.

नसली म्हणजे काय होते ते मिसिसिपी नदीवर दिसते. तेथे दोन्ही काठांना शेकडो मैल मातीचे उंच बंधारे घातले. नदी मैदानापासून तोडली गेली. वर आयोवा वगैरे राज्यांत मक्याची अफाट शेती, तिच्याखाली निचऱ्याच्या नळ्या, आणि नळ्यांतून नायट्रेट सरळ नदीत. ते मेक्सिकोच्या आखातात पोचते, तेथे शेवाळ माजते, मरते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. दर उन्हाळ्यात समुद्राचा एक पट्टा असा होतो की त्यात मासा जगत नाही. २०१७ साली तो पट्टा २२,७२० चौरस किलोमीटर मोजला गेला. कोल्हापूर आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्यात मावून वर जागा उरेल. आपल्या नदीवर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा येतो, तो याच रोगाचा लहान भाऊ. त्यात शहरांचे सांडपाणी आहे, उद्योगांचे आहे आणि आपल्या शेतांचेही आहे. कोणाचे किती, यावर भांडण चालते. पण आपला वाटा शून्य आहे असे मी तरी म्हणू शकत नाही.

आयोवातच डी मॉइन शहराला पिण्याच्या पाण्यातून नायट्रेट काढण्यासाठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खास यंत्रणा उभारावी लागली. २०१५ मध्ये त्या शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या तीन परगण्यांच्या निचरा मंडळांवर दावा ठोकला. २०१७ मध्ये न्यायालयाने तो काढून टाकला. खटला शहर हरले, पण पाणी काही त्यामुळे सुधारले नाही. त्याच राज्यात एक चांगली गोष्टही केली आहे: निचऱ्याच्या नळ्या जेथे एकत्र येऊन बाहेर पडतात तेथे मुद्दाम पाणथळ तयार करतात. नीट जागा निवडली तर त्यात येणाऱ्या नायट्रेटपैकी ४० ते ७० टक्के तेथेच संपते.

उसाच्या मुलखातली एक नदी

फ्लोरिडाचे उदाहरण मुद्दाम देतो, कारण तेथे ऊस आहे. ओकीचोबी नावाचे मोठे सरोवर आहे. त्याला उत्तरेकडून किसिमी नदी मिळते आणि दक्षिणेला उसाची विस्तीर्ण लागवड आहे. किसिमी नदी १०३ मैल वळणे घेत वाहायची आणि पावसाळ्यात दोन मैलांपर्यंत पसरायची. पूर नको म्हणून अमेरिकन सैन्याच्या अभियंत्यांनी १९६२ ते १९७१ या काळात तिचा ५६ मैलांचा सरळ, तीस फूट खोल कालवा केला. पूर थांबला, मैदान वाळले, तेथे गुरे चरू लागली. पाणपक्षी ९० टक्क्यांहून अधिक घटले आणि जो स्फुरद मैदानात अडायचा तो कालव्याने थेट सरोवरात येऊ लागला. मग तोच कालवा बुजवायचे ठरले. १९९९ मध्ये काम सुरू झाले आणि २०२१ मध्ये संपले. २२ मैल कालवा बुजवून ४४ मैल वळणाची नदी परत वाहती केली. खर्च शंभर कोटी डॉलरच्या जवळपास. सरळ करायला नऊ वर्षे, वाकडी करायला बावीस.

दक्षिणेकडची कथा आपल्या जिव्हारी लागणारी आहे. उसाच्या रानातून पंपाने बाहेर काढलेले पाणी एव्हरग्लेड्स या प्रचंड पाणथळीत जाई. तेथील गवत निकस पाण्यावर वाढलेले. स्फुरद मिळताच ते मागे पडले आणि पाणकणसाने रान व्यापले. १९८८ मध्ये केंद्र सरकारने राज्याला कोर्टात खेचले. १९९४ च्या कायद्याने ऊस उत्पादकांना बाहेर जाणाऱ्या स्फुरदात २५ टक्के घट सक्तीची झाली. त्यांनी माती तपासून खत दिले, पट्टा पद्धतीने मुळाजवळ दिले, पावसाचे पाणी लगेच उपसून न टाकता रानात आणि चरात थांबवले, चरांत गाळाचे खड्डे केले. घट सरासरीने सक्तीच्या दुपटीच्या आसपास झाली. शिवाय ५० हजार एकरांहून जास्त जमिनीवर सरकारने पाणी गाळण्यासाठी पाणथळी उभारल्या. त्यांत एव्हरग्लेड्सचा नाश करणारे तेच पाणकणीस स्फुरद ओढायला कामाला लावले आहे. ऊस मात्र बंद पडलेला नाही, कारखाने चालू आहेत.

माझी एक चूक

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, मी शेतकी मदतनीस होतो तेव्हा, एका सभासदांच्या शेताकडेच्या ओढ्याला मोठे वळण होते. वळणात लव्हाळा, पाणकणीस, दोन वाळुंजीची झाडे आणि गुडघाभर चिखल. मापले तर चौदा गुंठे. त्यांनी विचारले, "साहेब, मशीन लावून सरळ केला तर?" मी मोठ्या उत्साहाने होय म्हटले. उभा राहून फीत धरली. चौदा गुंठ्यांत ऊस आला, पहिल्या वर्षी चांगला आला. तिसऱ्या पावसाळ्यात सरळ केलेल्या ओढ्याने खालच्या शेतकऱ्याचा काठ कापला, आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत त्यांची सहा-सात गुंठे काळी माती गेली. ते गरीब माणूस, कारखान्याला दहा-वीस टन ऊस घालणारे. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, हे जास्त लागते. ज्याने विचारले त्याला चौदा गुंठे मिळाले. ज्याला कोणी विचारले नाही त्याची गेली. त्या चिखलात वरच्या साऱ्या शिवाराचे खत किती वर्षे अडत होते, याचा मी त्या दिवशी विचारही केला नाही.

आपल्याकडे बीव्हर नाही आणि तो आणावा असेही कोणी सुचवू नये. परक्या मुलखात सोडलेले जनावर काय करते हे अर्जेंटिनात पाहावे. सन १९४६ मध्ये तेथे दक्षिण टोकाला वीस बीव्हर सोडले. आज ते हजारोंनी झाले आहेत आणि तेथील जंगले बुडवीत आहेत. पण बीव्हरचे काम बीव्हरशिवाय करता येते. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातील ब्रिज क्रीकवर २००९ पासून ओढ्यात खुंट ठोकून, फांद्या विणून शंभरावर लुटुपुटूचे बांध घातले. आपल्या वनराई बंधाऱ्याचे आणि दगडी बांधाचे ते चुलतभाऊ. फरक इतकाच की आपण वनराई बंधारा पाण्यासाठी घालतो आणि गाळाला अडचण समजतो.

काळ्या जमिनीबद्दल एक ताकीद मात्र देतो. भारी काळ्या रानाला लागून पाणी तुंबवले तर वर क्षार येतील आणि रान चोपण होईल. या खोऱ्यात क्षारपडीने किती जमीन गेली ते आपण पाहतोच. तेव्हा बांध ओढ्याच्या वरच्या, उताराच्या, मुरमाड अंगाला. काठापेक्षा बराच खाली माथा असलेला. आणि शेताचा निचरा जेथे पडतो त्याच्या वर पाणी चढणार नाही असा. खाली सपाटीला बांधाची गरज नाही. तेथे वळणे, लव्हाळा आणि काठाचे गवत आहे तसे राहू दिले तरी पुष्कळ. निचऱ्याचा चर थेट नदीत न सोडता अशा एखाद्या गवताळ कोपऱ्यातून फिरवून सोडावा. काठाला चार-पाच हात गवताचा पट्टा नांगरू नये, वैरणही होते. पाचट जाळू नये, त्याने सरीतली माती जागेवर राहते. आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर युरिया टाकू नये. अडवण्यापेक्षा न सांडणे केव्हाही स्वस्त.

येत्या उन्हाळ्यात ज्या सभासदांना ओढा सरळीकरण वा खोलीकरण करायचे आहे, त्यांनी मशीन ठरवण्यापूर्वी आपल्या गट कार्यालयात नाव द्यावे. मी आणि गटाचे शेतकी मदतनीस येऊ, आणि या वेळी वरच्या-खालच्या दोन्ही शेजाऱ्यांना बरोबर घेऊन ओढ्यातून चालत जाऊ. तसेच ज्यांच्या घरी विहिरीचे वा बोअरचे पाणी पिण्यास वापरतात, विशेषतः जेथे बाटलीने दूध पिणारे तान्हे मूल आहे, त्यांनी पाण्यातील नायट्रेट जरूर तपासून घ्यावे. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. नमुना स्वच्छ बाटलीत एक लिटर आणावा, बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून घ्यावी आणि भरलेल्या दिवशीच पोचवावी. आबांच्या विहिरीचा नमुना पहिला नेणार आहे.